मॅजिनो : भिंतीमागचा माणूस

इतिहासाच्या पुस्तकात ‘मॅजिनो लाइन’ हे नाव तुम्ही एकदा तरी वाचलं असेल. फ्रान्सने जर्मनीच्या सीमेवर प्रचंड खर्च करून तटबंदी उभारली, जर्मन सैन्य तिला वळसा घालून आलं आणि सहा आठवड्यांत फ्रान्स पडला. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात. पुढे आयुष्यभर हे नाव कुठे ना कुठे भेटत राहतं. कुणी भरमसाट खर्च करून निरुपयोगी सुरक्षा उभी केली की अग्रलेखात, टीव्हीवरच्या चर्चेत, अगदी कॉम्प्युटर सिक्युरिटीच्या लेक्चरमध्येसुद्धा मॅजिनो लाइनचा दाखला दिला जातो.

पण मॅजिनो हा एक माणूस होता, हे आपल्या लक्षात राहत नाही. आंद्रे मॅजिनो. सेनापती नव्हता, इंजिनीअरही नव्हता. उपमंत्रिपद भूषवून झाल्यावर साधा शिपाई म्हणून लढायला गेलेला, पायात गोळी घेऊन परतलेला आणि ज्या पराभवासाठी त्याचं नाव घेतात त्याच्या आठ वर्षं आधी मरण पावलेला माणूस. देश सीमेवर भिंती का बांधतात आणि त्या भिंती खरंच सुरक्षा देतात का, हा प्रश्न आज पुन्हा बातम्यांत आहे. दोन ओळींच्या उत्तरापेक्षा बरं उत्तर हवं असेल, तर या माणसाचं आयुष्य एकदा नीट बघा.

सरकलेल्या सीमेजवळचं गाव

मॅजिनोचा जन्म १७ फेब्रुवारी १८७७ चा, पॅरिसमधला. घराणं मात्र पूर्वेकडच्या लॉरेन प्रांतातलं. मज परगण्यातलं रेविन्यी हे त्याचं गाव. बालपणाचा बराच काळ तिथे गेला आणि पुढे राजकारणातही तो याच भागाचा प्रतिनिधी झाला.

आता जन्मसाल पुन्हा बघा. त्याच्या जन्माआधी सहाच वर्षांपूर्वी, १८७१ मध्ये, फ्रान्स प्रशियाकडून युद्ध हरला होता. त्या पराभवात फ्रान्सने अल्सास आणि लॉरेनचा काही भाग गमावला आणि नवं जर्मन साम्राज्य तेवढं पश्चिमेकडे सरकलं. रेविन्यी फ्रान्समध्येच राहिलं. पण सीमा आपल्याच प्रांताला कापून जाते, ही गोष्ट या भागातल्या पिढीला शाळेच्या नकाशात शिकावी लागली नाही. नकाशावरची रेघ एका युद्धात सरकू शकते आणि आपल्याच भाऊबंदांचं गाव परक्या देशात जाऊ शकतं, हे त्यांना घरातच कळत होतं.

मॅजिनो कायदा शिकला, सरकारी नोकरीत लागला, काही वर्षं अल्जीरियात गव्हर्नर जनरलच्या हाताखाली काम केलं. १९१० मध्ये नोकरी सोडून निवडणूक लढवली आणि खासदार झाला. १९१३ च्या अखेरीस तो युद्ध खात्याचा उपमंत्री होता. वय अवघं ३६. उंच, धिप्पाड, गर्दीत चटकन उठून दिसणारा. पॅरिसमध्ये छान करिअर चाललं होतं.

उपमंत्री झाला शिपाई

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. मॅजिनो तेव्हा मंत्रिमंडळात नव्हता, पण खासदार होताच. पॅरिसमध्ये राहून युद्धावर भाषणं ठोकत बसला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. तो मात्र सैन्यात भरती झाला, तेही साधा शिपाई म्हणून. काही महिन्यांपूर्वी ज्या खात्याच्या फायलींवर त्याची सही चालायची, त्याच खात्याचा गणवेश घालून तो व्हर्दनच्या परिसरात गस्त घालू लागला. शत्रूच्या हद्दीजवळ जाऊन माहिती आणण्याचं काम जोखमीचं होतं. ते त्याने इतकं चांगलं केलं की थोड्याच दिवसांत तो सार्जंट झाला.

नोव्हेंबर १९१४ मध्ये अशाच एका गस्तीवर गोळी लागली आणि पाय निकामी झाला. सोबत्यांनी त्याला मागे आणलं. शौर्यासाठी लष्करी पदक मिळालं, पण युद्ध त्याच्यापुरतं संपलं. पुढची सतरा वर्षं तो काठी टेकत चालला. संसदेत, कॅबिनेटमध्ये, सैनिकांच्या समारंभात, सगळीकडे ती काठी त्याच्या सोबत असायची. त्याचं गाव रेविन्यी युद्धाच्या पहिल्याच महिन्यांत उद्ध्वस्त झालं होतं.

व्हर्दनचं पुढे काय झालं तेही बघू, कारण भिंतीच्या गोष्टीत ते महत्त्वाचं आहे. १९१६ मध्ये तिथे सुमारे दहा महिने लढाई चालली आणि दोन्ही बाजूंचे मिळून अंदाजे तीन लाख सैनिक मेले. व्हर्दनभोवती जुने किल्ले होते. पण किल्ल्यांचे दिवस संपले असं समजून फ्रेंच लष्कराने १९१५ मध्ये त्यांतल्या बऱ्याच तोफा आणि माणसं काढून घेतली होती. त्यामुळे डुओमाँ हा सगळ्यात मोठा किल्ला जर्मनांच्या एका छोट्या तुकडीने जवळजवळ न लढताच घेतला. तो परत मिळवायला आठ महिने आणि हजारो जीव लागले. पण याच लढाईत आणखी एक गोष्ट दिसली. तोफगोळ्यांचा वर्षाव होऊनही काँक्रीट टिकलं होतं. उघड्या खंदकातला माणूस मरत होता, काँक्रीटखालचा बऱ्याचदा वाचत होता. युद्धानंतर फ्रान्सच्या सेनापतींनी हा धडा मनावर घेतला. धडा चुकीचा होता असं म्हणता येत नाही, फक्त तो १९१६ चा होता.

आठ शवपेट्या

युद्ध संपलं तेव्हा फ्रान्सचे सुमारे १४ लाख सैनिक गेले होते. सुमारे सहा लाख स्त्रिया विधवा झाल्या होत्या. हातपाय, डोळे, फुप्फुसं गमावलेल्यांची संख्याही लाखोंत होती. १९२० मध्ये सरकारने पेन्शनसाठी स्वतंत्र खातं काढलं आणि ते मॅजिनोकडे आलं. म्हणजे युद्धाचं बिल रोज ज्याच्या टेबलावर येतं, ते खातं. तो स्वतः जखमी सैनिक असल्यामुळे समोर बसलेल्या माणसाचं दुखणं त्याला वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं. जखमी सैनिकांच्या संघटनेचंही तो काम करायचा. फ्रान्समधल्या माजी सैनिकांच्या एका मोठ्या महासंघाला आजही त्याचं नाव आहे.

त्याच वर्षीचा एक प्रसंग सांगतो. ओळख न पटलेल्या एका सैनिकाला पॅरिसमध्ये, विजय कमानीखाली, सगळ्या मृतांचा प्रतिनिधी म्हणून पुरायचं ठरलं. १० नोव्हेंबर १९२० ला व्हर्दनच्या तळघरात आठ शवपेट्या ओळीने मांडल्या होत्या. आत कोण आहे, कुणालाच माहीत नव्हतं. निवड करायची होती ऑग्युस्त तँ नावाच्या २१ वर्षांच्या शिपायाने, म्हणजे जवळपास तुमच्याच वयाच्या मुलाने. मंत्री म्हणून मॅजिनोने त्याच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. तँ शवपेट्यांभोवती फिरला. आपल्या १३२ व्या रेजिमेंटच्या आकड्यांची त्याने बेरीज केली, एक अधिक तीन अधिक दोन, आणि सहाव्या पेटीवर गुच्छ ठेवला. तीन वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९२३ ला, त्या समाधीवरची ज्योत पहिल्यांदा पेटवली तीही मॅजिनोनेच. ती आजही रोज संध्याकाळी नव्याने चेतवली जाते.

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की भिंत बांधणाऱ्या माणसाला आपण सहसा भित्रा किंवा हट्टी समजतो. मॅजिनोला भीती वाटत होती, पण त्या भीतीमागे आकडे होते.

भीतीचं गणित

ते गणित मांडून बघा. युद्धानंतर फ्रान्सची लोकसंख्या सुमारे चार कोटी, जर्मनीची सहा कोटींच्या वर. फ्रान्समध्ये जन्मदर आधीच कमी होता. त्यात १९१५ ते १९१९ या काळात तरुण पुरुष खंदकात असल्यामुळे मुलं फारच कमी जन्मली. ही मुलं वीस वर्षांची झाली की सैन्यात येणार, म्हणजे १९३५ पासून चार-पाच वर्षं भरतीला मिळणाऱ्या तरुणांची संख्या जवळजवळ निम्म्यावर येणार. हे भविष्य सांगायला ज्योतिषी लागत नव्हता, जन्मनोंदणीचं रजिस्टर पुरेसं होतं.

त्यावर उपाय काय? पहिला उपाय मॅजिनोने युद्धमंत्री म्हणून स्वतः पाहिला. १९२२ मध्ये पेन्शनबरोबर युद्ध खातंही त्याच्याकडे आलं आणि जानेवारी १९२३ मध्ये जर्मनीने नुकसानभरपाई थकवल्याचं कारण सांगून फ्रान्स आणि बेल्जियमचं सैन्य जर्मनीच्या रूर खोऱ्यात घुसलं. सीमेपलीकडे जाऊन सुरक्षा मिळवायचा हा प्रयत्न होता. जर्मन कामगारांनी काम बंद केलं, ब्रिटन नाराज झालं, फ्रान्सचं चलन घसरलं आणि पुढच्या निवडणुकीत ते सरकारही गेलं. सुरक्षा मिळाली नाही ती नाहीच.

दुसरा उपाय मित्रांचा. पण ब्रिटन लेखी हमी द्यायला तयार नव्हतं आणि अमेरिका युरोपच्या भांडणातून बाहेर पडली होती. मग उरला तिसरा उपाय. माणसं कमी असतील तर माणसांच्या जागी काँक्रीट उभं करायचं. शिवाय १९२८ मध्ये सक्तीची लष्करी सेवा एक वर्षावर आणली गेली होती. जर्मनीच्या ऱ्हाइनलँडमध्ये फ्रान्सचं सैन्य होतं, तेही १९३० मध्ये परत येणार होतं. तिकडून सैन्य निघालं की मधली जागा मोकळी होणार.

भिंतीची कल्पना एकट्या मॅजिनोची नव्हती, हे इथे सांगायलाच हवं. सेनापतींमध्ये वर्षानुवर्षं वाद चालले होते. सलग खंदक खणावेत की मोजक्या ठिकाणी भक्कम किल्ले बांधावेत, यावर मतभेद होते. आराखडे तयार झाले आणि पहिली कामं सुरू झाली ती पॉल पेनल्व्हे युद्धमंत्री असताना. पेनल्व्हे हा मुळात गणितज्ञ. मग भिंतीला नाव मॅजिनोचं का? कारण पैसे त्याने आणले.

२.९ अब्ज फ्रँक

नोव्हेंबर १९२९ मध्ये मॅजिनो पुन्हा युद्धमंत्री झाला. कमिट्यांचे अहवाल तयार होते, पण तिजोरी उघडायला संसद लागते. उजवे तोफा-रणगाड्यांची भाषा करत होते, डावे शांततेची. मॅजिनोने दोघांना पटेल असा मुद्दा मांडला. ही तटबंदी कुणावर हल्ला करू शकत नाही, त्यामुळे शांतता हवी असणाऱ्यांनी तिला घाबरू नये. हल्ला झाला तर ती पहिले काही आठवडे सीमा धरून ठेवेल, त्यामुळे लष्कराने तिला कमी लेखू नये. त्यात बांधकाम म्हणजे रोजगार आलाच. १४ जानेवारी १९३० च्या कायद्याने २.९ अब्ज फ्रँक मंजूर झाले. पुढे तेवढ्यात भागलं नाही, खर्च वाढतच गेला.

आता ‘भिंत’ हा शब्द जरा बाजूला ठेवा, कारण डोळ्यांसमोर चीनची भिंत येते. मॅजिनो लाइन म्हणजे जमिनीखालच्या किल्ल्यांची साखळी होती. वर दिसायचे ते फक्त काँक्रीटचे उंचवटे आणि पोलादी घुमट. काही घुमट तोफ डागायला वर यायचे आणि पुन्हा जमिनीत बसायचे. महत्त्वाच्या ठिकाणी छत साडेतीन मीटर जाड काँक्रीटचं. खाली खोल बोगद्यांमध्ये दारूगोळ्याची कोठारं, स्वयंपाकघर, दवाखाना, वीज तयार करणारी डिझेल इंजिनं आणि विषारी वायू आत येऊ नये म्हणून हवा गाळणारी यंत्रणा. आकनबर्ग या सगळ्यात मोठ्या किल्ल्यात सुमारे १० किलोमीटरचे बोगदे होते, त्यांतून विजेवरची छोटी रेल्वे धावायची आणि हजारभर सैनिक तिथे राहायचे. आज तिथे पर्यटक जातात आणि त्याच रेल्वेत बसतात.

या सगळ्याचा हेतू जर्मनीला कायमचं रोखणं हा नव्हताच, आणि दोन ओळींच्या उत्तरात नेमकं हेच राहून जातं. अचानक हल्ला झाला तर सगळ्या देशाचं सैन्य गोळा करून सीमेवर आणायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढा वेळ भिंतीने द्यायचा. परत मिळालेल्या अल्सास-लॉरेनमधल्या लोखंडाच्या खाणी आणि कारखाने वाचवायचे. सीमेचा हा भाग थोड्या माणसांनी सांभाळायचा आणि वाचलेली माणसं दुसरीकडे लढायला ठेवायची. थोडक्यात, भिंतीकडून वेळ आणि माणसं, या दोनच गोष्टी विकत घ्यायच्या होत्या.

भिंत संपते तिथे

कुठल्याही भिंतीबद्दल विचारायचा साधा प्रश्न म्हणजे ती संपते कुठे? मॅजिनो लाइनचा मुख्य भाग स्वित्झर्लंडच्या बाजूने वर येऊन लक्झेंबर्ग आणि बेल्जियमच्या कोपऱ्याजवळ संपत होता. तिथून समुद्रापर्यंतची सगळी बेल्जियमची सीमा जवळजवळ मोकळी. हा विसराळूपणा नव्हता. उत्तरेकडे जमीन सखल, थोडं खणलं की पाणी लागायचं. लील शहराचे कारखाने सीमेला अगदी खेटून होते, तिथे किल्ले बांधायचे तर शहराच्या मधूनच भिंत न्यावी लागली असती. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे बेल्जियम हा मित्र होता. १९२० पासून दोन्ही देशांत लष्करी करार होता. मित्राच्या दारात भिंत बांधली तर त्याला शत्रूच्या बाजूला एकटं सोडल्यासारखं झालं असतं.

म्हणून योजना अशी होती की भिंतीमुळे जर्मनांना बेल्जियमकडे वळावं लागेल आणि फ्रान्सचं मुख्य सैन्य तिकडे जाऊन त्यांना फ्रान्सच्या जमिनीबाहेर भिडेल. बेल्जियमवर हल्ला झाला की ब्रिटनही गप्प बसणार नाही, हाही हिशेब त्यात होता. शत्रू वळसा घालून येईल हे फ्रान्सला माहीत नव्हतं, असं जे आपण समजतो ते खरं नाही. त्याने वळसा घालावा म्हणूनच तर भिंत होती.

या दोन्हींच्या मधे होतं आर्देनचं डोंगराळ जंगल. रस्ते अरुंद, वळणं फार. तिथून मोठं सैन्य पटकन येणार नाही आणि आलंच तर वाटेत गाठता येईल, असं वरिष्ठ सेनापती मानत होते. तिथली तयारी साहजिकच दुय्यम राहिली.

मॅजिनो नसताना

मॅजिनोने यातलं पुढचं काहीच पाहिलं नाही. कामं जोरात चालू असताना त्याला टायफॉइड झाला आणि ७ जानेवारी १९३२ ला पॅरिसमध्ये तो गेला. वय ५४, आणि तेव्हाही तो युद्धमंत्रीच होता. मोठे किल्ले पुरे व्हायला आणखी तीन-चार वर्षं लागली. ‘मॅजिनो लाइन’ हे नाव सगळीकडे रुळलं तेही त्याच्या मृत्यूनंतर.

त्यानंतर काय बदललं ते क्रमाने बघा. १९३४ मध्ये चार्ल्स द गॉल नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याने पुस्तक लिहून रणगाड्यांची वेगवान, व्यावसायिक फौज उभारावी असं सुचवलं. पुढच्या वर्षी संसदेत हा विषय निघाला तेव्हा युद्धमंत्र्यांचं उत्तर असं होतं, की तटबंदीवर अब्जावधी खर्च केल्यावर तिच्या पुढे जाऊन लढायला जाणं हा वेडेपणा ठरेल. मॅजिनोने भिंत मागितली होती ती सैन्याला लढायला मोकळीक मिळावी म्हणून. तीन वर्षांत तीच भिंत सैन्याने न हलण्याचं कारण बनली होती.

मार्च १९३६ मध्ये हिटलरने करार मोडून ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवलं. फ्रान्स हललं नाही. हे बघून बेल्जियमने त्याच वर्षी तटस्थ राहायचं जाहीर केलं. म्हणजे ज्या मित्राच्या भरवशावर भिंत अर्ध्यात थांबवली, तो मित्रच करारातून बाहेर पडला. यानंतर उत्तरेला घाईघाईने थोडी बांधकामं झाली, पण ती मूळ किल्ल्यांच्या तोडीची नव्हती. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. जर्मनीची मुख्य फौज पूर्वेला गुंतली होती, पोलंड फ्रान्सचा मित्र होता आणि मदतीचं वचन होतं. फ्रेंच सैन्य सीमा ओलांडून थोडं पुढे गेलं आणि परत आलं. मग आठ महिने दोन्ही सैन्यं एकमेकांसमोर जवळजवळ नुसती बसून होती. भिंतीने वेळ दिला होता, अगदी ठरल्यापेक्षा जास्त, पण तो वेळ पोलंडच्या कामी आला नाही आणि फ्रान्सच्याही.

सहा आठवडे

१० मे १९४० ला जर्मनीने हॉलंड, बेल्जियम आणि लक्झेंबर्गवर हल्ला केला. फ्रान्सचं आणि ब्रिटनचं सगळ्यात चांगलं सैन्य ठरल्याप्रमाणे बेल्जियमकडे धावलं. पण जर्मनांचे रणगाडे मुख्यतः येत होते आर्देनच्या जंगलातून. १३ मे रोजी त्यांनी सेदानजवळ मज नदी ओलांडली. समोर होत्या राखीव सैनिकांच्या तुकड्या आणि अर्धवट बांधलेले बंकर. आठवड्याभरात, २० मे रोजी, जर्मन रणगाडे इंग्लिश खाडीवर पोचले आणि बेल्जियममध्ये गेलेलं सैन्य मागून कापलं गेलं. डंकर्कच्या किनाऱ्यावरून ३ लाख ३८ हजार सैनिकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. हे भगदाड बुजवायला हाताशी राखीव फौज हवी होती. ती नव्हती. जी चांगली फौज होती ती बेल्जियममध्ये अडकली होती आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त माणसं भिंतीच्या मागे बसून होती. माणसं वाचवायला बांधलेल्या भिंतीनेच शेवटी माणसं अडकवून ठेवली. १४ जूनला पॅरिस पडलं, २२ जूनला फ्रान्सने शस्त्रसंधीवर सही केली.

आणि भिंतीचं काय झालं? सेदानपासून थोड्याच अंतरावर, लाइनच्या पश्चिम टोकाला ला फेर्ते नावाचा छोटा किल्ला होता. जर्मनांनी त्याच्यावर हल्ला केला तेव्हा आजूबाजूची मदत तुटली होती. आत धूर भरला आणि १९ मे रोजी आतले सगळेच्या सगळे १०७ सैनिक गुदमरून मेले. जूनच्या मध्याला जर्मनांनी सारच्या बाजूने आणि ऱ्हाइन ओलांडून लाइन भेदली, पण जिथे बांधकाम कच्चं होतं आणि किल्ल्यांमधलं सैन्य काढून घेतलं होतं तिथेच. मोठे किल्ले पडले नाहीत. शस्त्रसंधी झाल्यावरही ते लढाईला तयार होते. वरून हुकूम आला तेव्हाच, जुलैच्या सुरुवातीला, शेवटच्या सैनिकांनी दारं उघडली. आल्प्समध्ये इटलीने हल्ला केला, तिथे तर या तटबंदीने मुसोलिनीच्या सैन्याला फारसं पुढे येऊच दिलं नाही. समुद्राजवळच्या एका छोट्या चौकीत दहाही माणसं नव्हती, तरी ती शेवटपर्यंत टिकली.

म्हणजे मॅजिनो लाइन हरली असं म्हणणं अवघड आहे. तिला दिलेलं काम तिने केलं. फ्रान्स हरला तो भिंत नव्हती तिथे, आणि भिंतीने मिळवून दिलेल्या दहा वर्षांत जे करायचं राहून गेलं त्यामुळे.

आजच्या भिंतींना हेच विचारा

आजच्या भिंती रणगाड्यांसाठी नसतात, त्या बहुतेक माणसांसाठी असतात. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली ती तर स्वतःचेच नागरिक पळून जाऊ नयेत म्हणून. ती २८ वर्षं टिकली आणि एका रात्रीत निरर्थक झाली. अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या भिंतीवर निवडणुका लढवल्या जातात. पण तिथे कागदपत्रांशिवाय राहणारे बरेच लोक रीतसर व्हिसावर विमानाने आलेले आणि मुदत संपल्यावर थांबलेले असतात. त्यांची आणि भिंतीची गाठच पडत नाही. आपल्याकडे बांगलादेशची सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे. तिच्या मोठ्या भागावर कुंपण आहे, पण मधे नद्या आहेत आणि नद्या आपलं पात्र बदलतात. तिथे कुंपणापेक्षा गस्तीच्या बोटी आणि पलीकडच्या देशाशी असलेले संबंध जास्त कामाचे ठरतात.

मग भिंती बांधूच नयेत का? मॅजिनोच्या आयुष्याकडे बघून तसं म्हणता येत नाही. त्याच्यासमोरचे आकडे खरे होते, भीती खरी होती, आणि ज्या जागी त्याने काँक्रीट ओतलं तिथे ते टिकलं. पण भिंत बांधली की आपण काहीतरी केलं असं लोकांना आणि सरकारलाही वाटू लागतं. ती फोटोत दिसते, तिचं उद्घाटन करता येतं. मित्रदेश टिकवणं, सैन्य बदलणं, वेळेवर निर्णय घेणं या गोष्टी फोटोत येत नाहीत. मग त्या मागे पडतात. म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही देशाच्या भिंतीची बातमी वाचलीत, तर उंची आणि खर्च वाचून थांबू नका. ती कुणासाठी आहे, कुठे संपते, त्या टोकाच्या पलीकडे कोण राहतं आणि तिने मिळवून दिलेल्या वेळात काय करायचं ठरलंय, एवढं त्या बातमीत शोधा.

व्हर्दनजवळ मॅजिनोचं एक स्मारक आहे. तिथे तो मंत्री म्हणून दिसत नाही, कुठला नकाशाही त्याच्या हातात नाही. जखमी सार्जंट मॅजिनोला त्याचे सोबती उचलून नेत आहेत, असं ते शिल्प आहे. १९१४ च्या त्या नोव्हेंबरात त्याचा जीव वाचला होता तो असा.